चाचांचा मुठीचा माठ

अकोल्याच्या फलाटावर मी हार घातला तो भलत्याच गोऱ्याला. तो बिचारा संत्री बघायला शेंदूरजनाघाटला निघालेला व्यापारी. हात जोडून हसला. आमचे खरे पाहुणे, परदेशातल्या कामगार संघटनेचे, माझ्याहूनही सावळे, मागे पिशवी घेऊन उभे होते. कानातला अत्तराचा फाया दाबत चाचा म्हणाले, “मास्तर, रंग पाहून पाहुना हेरता काय? तुमी आपलं इंग्रजीच बोला.”

चाचा जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांतल्या, मजुरांच्या युनियनचे अध्यक्ष. उभी हयात कापसात गेलेली. भुवयांवर रुईचे तंतू असत. उन्हात उभे राहिले की धुक्यातून आल्यासारखे वाटत.

कापसाचे दिवस फिरले होते. जिनिंग कारखाने बंद पडत होते, उरलेल्यांनी मजुरी कापली, म्हणून बाया संपावर बसल्या. मांडवात एक माठ होता. वस्तीतली प्रत्येक चूल त्यात ज्वारीची मूठ टाकी; त्यावर संपाचं जेवण शिजे. आता माठाचा तळ दिसू लागला होता.

पाहुण्यांनी पैसे देऊ केले. मी ते मराठीत सांगितलं, तशी संपावर बसलेली सुगंधाबाई उठली. “घ्या ना चाचा! पोरायच्या पोटाले काय सांगू?”

चाचांनी माठात हात घालून तळाची ज्वारी चाळवली. वाऱ्यावर रुई तरंगत होती.

“दुनियाचा मजूर आपला भाऊच हाये, बाई. पन मालक आताच म्हनून राहिले, हा संप भाड्याचा हाये. पैसा घेतला तं आपलं कोन आयकन?” मग पाहुण्यांना, “भाऊ, तुमी बी मूठ टाका. तेवढी चालते.”

पाहुण्यांनी दुकानातून ज्वारी आणवली आणि डोळे मिटून मूठ टाकली. ती मूठ अजून माझ्या स्वप्नात पडते. तळाला मात्र कधी पोचत नाही.

माठ रिकामा झाला. अर्ध्याच मागणीवर बाया कामावर परतल्या. सुगंधाबाईनं पोरीला शाळेतून काढून सोबत कामाला नेलं. आणि चाचांनी परदेशी पैसा खाल्ला, हे गावभर झालं ते झालंच. चाचा फाटकी चप्पल दाखवून म्हणत, “हे पाहा, विलायती हाये!”

परवा चाचा गेले. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी शिजतं. जिनिंगमधल्या बाया पदरात ज्वारी घेऊन शेजारच्या ओसरीवर आल्या, सगळ्यांत पुढे सुगंधाबाई.

घरी येऊन मी बायकोला विचारलं, “चाचांचं चुकलं का गं?”

“चुकलंच. पोरगी शिकली असती तिची,” ती म्हणाली. मग उद्याच्या ज्वारीतली एक मूठ बाजूला काढत, “पन पैसा घेतला असता, तं आज सुगंधा आली असती काय?”