सहा दहाचं विमान

कलकत्त्याच्या घड्याळांनी मला जितका ताप दिला, तितका तिथल्या उकाड्यानेही दिला नाही. सरकारने साऱ्या देशाला एकच वेळ लावून दिली होती, पण भवानीपूरचे आमचे घरमालक जुनी कलकत्त्याची वेळ सोडायला तयार नव्हते. ती चोवीस मिनिटं पुढे. जिन्यातलं त्यांचं घड्याळ बघून पहिल्या आठवड्यात मी दोनदा ऑफिसचं कुलूप उघडायच्या आधी पोचलो होतो.

ऑफिसात माझं काम आकाश बघून नोंदी करण्याचं. ढग किती, वारा कुठला, लांबचं किती स्वच्छ दिसतं. नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्यासाठी ऑफिसच्या साहेबांचा एक शेरा हवा होता: या माणसाच्या नोंदी विश्वासार्ह आहेत.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी मी आणि बायको गच्चीवरचे कपडे काढत होतो. नदीकाठच्या बजबज गावाच्या बाजूने एक नारिंगी गोळा आला. आवाज अजिबात नाही. नदीच्या वर थोडा थांबला आणि सरळ वर निघून गेला. विमानं मी रोज बघत होतो. हे विमान नव्हतं. बायको धावत जिन्यात जाऊन वेळ बघून आली. सहा दहा.

तेव्हा वर्तमानपत्रांत उडत्या तबकड्यांच्या बातम्या येत, आणि असं काही दिसलं तर कळवावं असं परिपत्रक आमच्याकडे होतं. मी शहाण्यासारखं दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं. वेळ, सहा दहा. घड्याळ कुणाचं, हे डोक्यातून साफ गेलं होतं.

महिन्याने चौकशीचे साहेब आले ते निकाल घेऊनच. सहा दहाला दमदमच्या विमानतळावर एक प्रवासी विमान उतरत होतं, तेच मी पाहिलं. माझी चूक तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आली.

"साहेब, ती जुनी वेळ होती. खरे पाच शेहेचाळीस. तेव्हा तुमचं विमान इथे नव्हतंच."

त्यांनी शांतपणे बरोबर आणलेल्या विमानांच्या रजिस्टरचं पान मागे उलटलं. "पाच पन्नासला एक मालवाहू आहे."

"ते सरळ वर गेलं, साहेब. विमान असं जात नाही."

"संध्याकाळी डोळे फसतात." मग त्यांनी पेनचं टोपण काढलं. "तुमची वेळ चुकली असं लिहू म्हणता? लिहितो. मात्र तुमच्या दोन वर्षांच्या नोंदी कुठल्या घड्याळाच्या, तेही मग तपासावं लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांत एक नोंद चुकली नव्हती. चुकली ती गच्चीवरची, तीही वेळेपुरती. पण साहेबांनी कागद पुढे सरकवला: मी पाहिलेली वस्तू म्हणजे सहा दहाचं प्रवासी विमान होय. मी सही केली.

कायम झाल्याचा कागद पंधरा दिवसांत आला. शेरा हवा तसाच होता. बायकोने शिरा केला, आणि वाढता वाढता विचारलं, "अहो, मग त्या दिवशी आपण काय पाहिलं म्हणायचं?"

"विमान," मी खेकसलो.

ती माझ्या शेजारीच उभी होती त्या संध्याकाळी. तिलाही डोळे होते. तरी तिने "बरं" म्हणून मान डोलावली, आणि ते मला आजही सहन होत नाही.