सुकलाल नानांचे तीन दगड

कुणालाही न दिसलेली आपली चूक तुम्ही कधी आपणहून सांगितली आहे? मी नाही. म्हणूनच सुकलाल नानांबद्दल लिहितो आहे.

नाना साक्रीकडचे गवंडी. इस्राएलमध्ये बांधकामावर गेलेल्या आमच्या तुकडीत वयाने सगळ्यात मोठे. मी पिंप्राळ्याचा, पदवी घेऊन विटा उचलणारा. खोलीत आमच्या खाटा शेजारी. रस्त्यासाठी खणताना खाली प्राचीन गाव लागलं आणि ठेकेदाराने आम्हाला पुरातत्त्ववाल्यांच्या हाताखाली दिलं. दिवसभर उकिडवं बसून ब्रशने माती काढायची. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. नाना म्हणत, "बठ्ठं गाव झाडी काढं, भाऊ. आते सडा टाकाना तेवढा बाकी शे."

त्या गावात ज्यूही राहत, ख्रिस्तीही. ज्यूंच्या धार्मिक स्नानाचा पायऱ्यांचा हौद असलेलं एक घर आणि त्याला लागूनच छोटं चर्च. आधी काय बांधलं, हे दोन भिंतींच्या सांध्यावरून ठरणार होतं: एक भिंत दुसरीला नुसती टेकलेली असेल तर ती नंतरची, दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतील तर एकाच वेळच्या. एका दुपारी नानांचा धक्का लागून नेमके तिथलेच तीन दगड निखळले. नानांनी ते उचलले, फिरवून पाहिले आणि फटींत दगडाच्या चिपा ठोकून असे बसवले की दोन्ही भिंती एकमेकींत गुंतल्या. निव्वळ सवय. निखळलेला दगड तसाच सोडणं त्या हातांना माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संशोधक बाईंनी सांध्याचं चित्र काढलं. घर आणि चर्च एकाच वेळी बांधलेलं दिसतंय, असं त्या सगळ्यांना बोलावून सांगू लागल्या. नाना जेवले नाहीत.

"सांगू नका," मी म्हणालो. "घरी पाठवतील. कोणी पाहिलं नाही."

"मी देखं ना!"

"नाना, मेलेल्या लोकांच्या भिंती त्या. तुम्हाला काय त्याचं?"

"दगड मना हातना, अन् नाव त्यासनं? हाई खोटं शे, भाऊ. चाल, तू इंग्रजीमा सांग."

मी मोडकंतोडकं सांगितलं. बाईंनी चित्र खोडलं आणि नानांपुढे पाण्याची बाटली धरली. ठेकेदाराने मात्र त्याच आठवड्यात नानांना परत धाडलं. बॅग बांधताना ते एवढंच म्हणाले, "थकी गऊ रे."

करार संपवून मी आलो, तर साक्रीच्या बाजारात चहावाला सांगत होता, "नानानी तठे जुनं सोनं चोरी लिधं म्हने." नानांना आता कुणी कामावर बोलावत नाही. खरं सांगितलं तर, तीन दगडांपायी कुणी माणूस परत पाठवतं का, म्हणून लोक हसतात. नानांनी खुलासे करणं सोडलं आहे.

अन्यायाविरुद्ध बोला, असं सांगणारी पत्रकं वाचत, वाटत मी मोठा झालो. तरी त्या दुपारी गप्प बसा म्हणणारा मीच होतो. म्हणून तुमच्याकडे मागतो: साक्रीत, दोंडाईच्यात, कुठेही ही चोरीची गोष्ट कानावर आली, तर कप खाली ठेवा, उठून उभे राहा आणि खरं काय घडलं ते तिथल्या तिथे, मोठ्याने सांगा.