सासूबाईंचं तेल आणि मंदाचा कान

आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. पुढच्या खोलीत दोन हातमाग. एकावर मी, दुसऱ्यावर माझी बायको सुमन, आणि दिवसभर खटाखट, खटाखट! 'मीठ दे' एवढं सांगायचं तरी पोटापासून ओरडावं लागे. नागपुरातल्या आमच्या आळीत सगळ्याच कोष्ट्यांची घरं अशी, त्यामुळे त्याला कुणी भांडण समजत नसे.

म्हणूनच आमच्या सहा वर्षांच्या मंदाला कमी ऐकू येतं, हे आम्हाला कळलंच नाही. (घरात तिला सगळं ऐकू येत होतं. आमच्या ओरडण्याला भिंतीनंसुद्धा ओ दिली असती!) शाळेतून बाईंचा निरोप आला, 'मुलगी हट्टी आहे, उत्तर देत नाही.' मी तिला समजावलं, म्हणजे आणखी मोठ्यानं ओरडलो. मग एका सकाळी तिच्या उशीवर पू दिसला आणि माझा आवाज बसला.

डॉक्टरांनी कानात बत्ती धरून पाहिलं. "सर्दी कानात उतरली, आत पू झाला, पडदा फुटला. भरून येईल बहुतेक. गोळ्या द्या, हे थेंब टाका. पाणी जाऊ देऊ नका, आणि तेल तर मुळीच नको! रोज ऐकणं तपासा. चांगला कान बोटानं बंद करा, मागे उभं राहून कुजबुजा, तिला तेच म्हणायला लावा. आणखी कमी ऐकू येतंय असं वाटलं तर थेंब थांबवून लगेच घेऊन या. उशीर झाला तर कायमचं जाईल."

कायमचं! रस्ताभर मी पोरीचा हात सोडला नाही. घरी पोचलो तर उमरेडहून सासूबाई आलेल्या, आणि चुलीवर लसूण घातलेलं तेल तापत होतं.

"काहून घाबरता, जावईबापू? कोमट तेल टाका, पोरगी टनटनीत होते!"

आता इथं फक्त 'नको' म्हणायचं होतं. "हो जी," मी म्हणालो. वाटी घेतली, मंदाला घेऊन मागाच्या आड गेलो आणि तेल मागाच्या कुरकुरणाऱ्या सांध्यांत ओतलं.

मग रोज संध्याकाळी हेच! माग लोण्यासारखा चालू लागला. "पाहा, पोरीचं तोंड कसं खुललं माझ्या तेलानं!" सासूबाई आळीभर सांगत. लुगडं न्यायला आलेल्या व्यापाऱ्यानं मात्र पदर नाकाशी नेला. "हे नेसाचं आहे का फोडणीत टाकाचं?"

तपासणीची तर वेगळीच तऱ्हा. कुजबुजायचं कसं, हे आमच्या घराण्यात कुणी शिकलंच नव्हतं. "मंदा, धोटा म्हण!" मी कुजबुजलो.

"धोटा!" शेजारच्या घरातून उत्तर आलं.

"अवो, हे कुजबुजनं आहे का?" सुमननं कपाळावर हात मारला. हळूहळू जमलं. धोटा, कांडी, सूत... सगळे मागावरचेच शब्द, आणि मंदा सगळं बरोबर सांगू लागली. मी खुशीत होतो. पण सुमनला शंका आली.

"तुमी रोज तेच तं म्हनून राहिले! तिले पाठ झालं असंन. आज बिलकुल बोलू नका, नुसते उभे राहा."

मी नुसता उभा राहिलो. "धोटा!" मंदा म्हणाली. "कांडी! सूत!"

तिला ऐकू येत होतं की नाही, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

दोन्ही माग थांबवले. ती शांतता ऐकून शेजारीपाजारी धावत आले. (कुणी गेलं की काय, असं वाटलं त्यांना!) सासूबाई चुलीपाशी उभ्या. सुमननं मंदाचा चांगला कान दाबून धरला. मी मागे उभा. पोरीला अंदाजानं सांगताच येणार नाही असं काहीतरी हवं होतं, आणि भीतीनं डोकं रिकामं झालेलं. त्यात एकच गोष्ट शिल्लक होती. तीच कुजबुजलो.

मंदा आमच्याच घरात वाढलेली. तिनं आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आजीचं तेल बाबानं मागाले पाजलं!"

"आलं वं! पोरीले ऐकू आलं!" सुमन रडायलाच लागली. मीही रडलो, सरळ सगळ्यांसमोर. इतका आनंद मला पुन्हा क्वचितच झाला असेल. मग सगळे एकदम चुलीकडे पाहू लागले.

सासूबाईंनी आधी मंदाला पोटाशी धरलं, डोळे पुसले. मग माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टरनं तेल मना केलं होतं?"

मी मान डोलावली.

"मंग मले सांगाचं होतं! मी का खाल्लं असतं तुमाले? आता हे आजचं तेल का फेकू? झोपा तिथं खाटेवर, एका कुशीवर."

माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत, हे सांगायची हिंमत मी गोळा केली, तोवर तेल आत गेलं होतं.