तिथीची पाऊणपट

माझा धाकटा भाऊ नारू बोटीवर चढला की ओकायचा. धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावात तांडेलाच्या पोटी जन्माला येऊन ओकायचं, यापेक्षा मोठी नाचक्की नाही. बाबाने त्याला तीन हंगाम नेलं, तिन्ही हंगाम तो कठड्याला धरून समुद्राला आपलं जेवण देत राहिला. चौथ्या वर्षी बाबाने विचारलंच नाही. नारू शिकला आणि डहाणू रोड स्टेशनवर तिकीट खिडकीत बसला. गावात पेढे वाटले ते मी. बाबा जाळं शिवत होता. "कागद फाडून देयाचा, यो काय काम हाय?" एवढंच बोलला.

बाबाला सगळे जिव्या तांडेल म्हणत. चाळीस वर्षं त्याने सुकाणू धरलं. तो कौतुक करत नसे. जाळ्याची गाठ, बोटीचा सांधा, माझ्या हातची आमटी, काहीही असो, मनासारखं झालं की एकच शब्द निघायचा : "बरोबर." तोही दर वेळी नाही. खलाशी त्या शब्दासाठी जीव टाकत. नारूला तो शब्द कधीच मिळाला नव्हता, आणि तीस वर्षांचा घोडा झाला तरी त्याला तो हवा होता. मला मिळालेला होता, म्हणून मी त्याची थट्टा करायचे. आता वाटतं, करायला नको होती.

सन एकोणनव्वदच्या मे महिन्यात नारूने मुंबईच्या एका सोबत्याकडून जुना कॉम्प्युटर आणला. मी गावच्या शाळेत मास्तरीण, पण मीही तोवर तसलं काही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मोठं कपाट असेल. निघाली पाटीएवढी काळी डबी, वर रबराची बटणं. तिची एक वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खुपसायची, दुसरी टेपरेकॉर्डरला. मग टीव्हीचं चॅनेल फिरवत बसायचं, मुंग्या जाऊन पडदा स्वच्छ होईपर्यंत. लिहिलेलं जपून ठेवायचं ते कॅसेटवर. माझ्या भजनांच्या कॅसेटवर त्याने आपला प्रोग्राम भरला, आणि पुढे मी ती लावली तर अभंग संपता संपता डबा खरवडल्यासारखी किंचाळी. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

त्याला पहिलाच प्रोग्राम लिहायचा होता तो भरतीचा. आमच्या खाडीत ओहोटीला बोटी चिखलात बसतात, निघायचं आणि शिरायचं ते भरतीवर. भरती काढायची रीत बाबाने आम्हा दोघांना लहानपणी शिकवलेली : तिथीची पाऊणपट करायची, आणि आमच्या खाडीसाठी अर्धा तास वर धरायचा. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, वर अर्धा, म्हणजे आठ. बस्स, एवढंच. पण हे एवढंच मशीनला सांगायला नारूला तीन आठवडे लागले. एकादशीला ते पावणेनऊ न म्हणता आठ पॉइंट पंच्याहत्तर म्हणायचं. "असा कुठं वाजतं का गं ताई?" म्हणून तो आपल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये डोकं धरून बसायचा. शेवटी तास वेगळे, मिनिटं वेगळी करायची युक्ती त्याला सापडली, त्या दिवशी तो ड्यूटी संपवून थेट माझ्या शाळेत सायकल हाणत आला आणि पोरांसमोर मला म्हणाला, "ताई, बाबाचं डोकं मशीनमध्ये गेलं!"

मी हसले. हसायलाच हवं होतं. पण बाबाचं डोकं त्याच्या स्वतःजवळ राहिलं नव्हतं.

शिमग्यापासून विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग माझं नाव, मग घराची वाट. एक दिवस त्याने भरतीची वेळ तीन तास चुकीची सांगितली. त्याच्या जुन्या खलाशाने, रघ्याने, इंजिन बघायचंय म्हणून वेळ काढला आणि पाणी आल्यावर बोट सोडली. तेव्हापासून रघ्या रोज सकाळी दारात उभा राहून मोठ्याने विचारायचा, "काका, आज पाचला ना?" बाबाला फक्त "हां" म्हणायचं असायचं. महिनाभरात सगळ्या पाड्याला कळलं आणि सगळ्यांनी तोंडं शिवली. मासळी मार्केटात सगळ्या जगाची उणीदुणी काढणाऱ्या बायकांनीसुद्धा एक शब्द काढला नाही. ज्याने चाळीस वर्षं माणसं घरी परत आणली त्याला सांभाळायचं, इतकं साधं होतं ते.

नारूला मी सांगितलं नाही. सांगू सांगू म्हणत राहिले. तो रविवारी यायचा, तासभर बसायचा, मशीनबद्दल बोलायचा आणि जायचा. बाबा मुळातच कमी बोलायचा, त्यामुळे त्याच्या काही लक्षात आलं नाही.

नारळी पुनवेला तो सगळा संसार घेऊन आला. टीव्ही चादरीत गुंडाळून रिक्षात, टेपरेकॉर्डर मांडीवर, डबी छातीशी. खाडीवर नारळ सोडून लोक आमच्या अंगणात जमले होते. दुसऱ्या दिवशी बोटी निघायच्या होत्या, बाबा नवं धोतर नेसून खाटेवर बसला होता. नारूने ओटीवर टीव्ही मांडला, चॅनेल लावलं, कॅसेट फिरवली. किंचाळी ऐकून पोरं कानात बोटं घालून नाचली. पडद्यावर अक्षरं आली.

"यो माजा नाय," नारू सगळ्यांना म्हणाला, "यो बाबाचा हाय. बाबा जो सांगल, तोच यो सांगल. बाबा, दशमीला भरती किती वाजता?"

"आठला ना काका?" रघ्या मागून झटकन बोलला.

"हां. आठ," बाबा म्हणाला.

नारूने दहा दाबले. पडद्यावर आठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तिथेच थांबलं असतं तर.

"रघूदादा, तू नको सांगू. बाबाला सांगू दे," नारू हसत म्हणाला. "बाबा, षष्ठीला?"

बाबाने खूप वेळ घेतला. "आठ," म्हणाला.

पडद्यावर पाच होते. "काका मस्करी करतंय," रघ्या म्हणाला. कोणीतरी चहाचं विचारलं. कोणीतरी नारूच्या खांद्यावर हात ठेवला. पण माझा भाऊ हसत नव्हता, त्याचा चेहरा उतरला होता. बाबा चुकेल हे त्याच्या मनालाच शिवलं नाही. त्याला वाटलं, आपला प्रोग्राम चुकला.

"थांबा थांबा, माजीच चूक असंल." तो वाकून ओळी तपासायला लागला. "बाबा, शुक्ल का वद्य? श्रावणात येगळा धरायचा का? तू मला सांगितलंच नसंल. बरं, चतुर्थीला?"

"अकरा."

"अकरा?" त्याने बटणं दाबली. साडेतीन. त्याने घाम पुसला, एक ओळ खोडली, परत लिहिली. "परत सांग बाबा. चतुर्थी. सावकाश सांग." मला उठून वायर ओढता आली असती. मी खांबाला टेकून उभी राहिले.

खरं सांगते, कारण आता लपवून काय करायचंय. पाच महिने मी एकटी बाबाला शोधून घरी आणत होते, त्याची धोतरं धूत होते, आणि हा मशीनला पाढे शिकवत होता. माझ्या मनात आलं, कळू दे आता यालाही. क्षणभरच आलं, पण तेवढा क्षण पुरला.

"आज..." बाबाने अंगणभर नजर फिरवली, नवे कपडे घातलेल्या माणसांवरून, नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या त्यांच्यावरून. "आज तिथी कोन्ती?"

एक पोर हसलं. त्याच्या आईने त्याला फाडकन मारलं. त्या आवाजाने नारूने मान वर केली. त्याने आधी रघ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि कोणीच त्याच्या नजरेला नजर दिली नाही. तेव्हा त्याला कळलं. बाबालाही तेव्हाच कळलं.

बाबा उठला. ओटीवर आला, पडद्याजवळ वाकून ते आकडे बघत राहिला. मग नारूच्या डोक्यावर हात ठेवला, जो त्याने कधी ठेवला नव्हता.

"तुजा बरोबर हाय," म्हणाला. "चूक माजी हाय." आणि वळून, "रघ्या, उंद्यापासून सुकाणू तू धर."

दुसऱ्या दिवशी बोट गेली. बाबा खाडीवर गेलाच नाही, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नारूने कॉम्प्युटर ज्याच्याकडून आणला त्यालाच परत दिला. पुढे बढतीवर सुरतेला जायची संधी आली ती त्याने घेतली नाही. बाबा गेला तोपर्यंत, साडेचार वर्षं, तो ड्यूटी संपली की सायकलवरून यायचा, बाबाला आंघोळ घालायचा, भरवायचा. बाबा त्याला रघ्या म्हणायचा. नारू ओ द्यायचा.

दहाव्याला खाडीवर आम्ही दोघंच मागे राहिलो. त्याने विचारलं, "ताई, सगळ्यांना ठावूक होता. तुला पण होता?"

मी नाही म्हणाले.

"मला वाटलाच," तो म्हणाला. "तुला ठावूक असता, तर तू मला थांबवला असता." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

त्या दहाव्याला आता पाच वर्षं होतील. आजही तो भाऊबीजेला येतो, आणि माझ्यावर त्याचा तितकाच विश्वास आहे. तोंडाने मला सांगता येत नाही, म्हणून लिहिलं. पुढच्या रविवारी हे कागद मी त्याच्या हातात देणार आहे.