बटणात साचलेलं कुंकू

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांच्या किडन्या निकामी झाल्यापासून दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना अंबडहून जालन्याला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यासाठीच मी जुनी गाडी घेतली. पुढच्या सीटवर बसायचं, पट्टा लावायचा आणि एसीचं बटण दाबायचं, एवढंच गाडीतलं काम दादांकडे होतं. पण ते त्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

यंदा ऐन मे महिन्यात नेमकं तेच बटण आत रुतून बसलं. गुरुवारी काचा उघड्या टाकून परत आलो. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. दादांनी दिवसभराचं पाणी अर्ध्या वाटेतच संपवलं आणि पुढे नुसते ओठ चाटत बसले. अंबड जवळ आलं तशी त्यांची मान कलंडली. मी आणि बायकोने त्यांना उचलून घरात आणलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "आता मी येत न्हाई. लई झालं."

दोन-तीन वेळा डायलिसिस चुकलं तर काय होईल, हे मी डॉक्टरांना फोनवर विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

भाड्याची गाडी करायची सोय नव्हती. एकदा तशा गाडीत दादांना उलटी झाली होती आणि ड्रायव्हर त्यांच्यादेखत एक शब्द न बोलता सीट धूत राहिला होता. तेव्हापासून ते परक्या गाडीत बसत नाहीत. मेकॅनिक म्हणाला, अख्खं पॅनल मागवावं लागेल, आठ दिवस धरा. माझ्याकडे तीन होते. शनिवारी जालन्यात भंगारवाल्यांकडे वणवण करून तसलंच एक बटण मिळवलं आणि रविवारी सकाळी मोबाइलवर व्हिडिओ लावून गाडीत शिरलो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. विद्युत मंडल फळ्यावर डोळे मिटून काढतो. त्या विद्वत्तेचा इथे काडीचा उपयोग नव्हता. व्हिडिओतल्या माणसाने हसत हसत दोन बोटांनी पॅनल काढलं. मी स्वयंपाकघरातल्या उलथन्याला फडकं गुंडाळून फटीत घातलं, तर कट्‌कन एक क्लिप तुटली. मग दुसरी. एक स्क्रू सीटखाली गडप झाला. दहालाच गाडी तापली, घाम डोळ्यांत उतरायला लागला. मी त्या माणसाला, त्याच्या हसण्याला आणि गाडी बनवणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर शिव्याही संपल्या, आणि त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला हात जोडायचेच काय ते बाकी राहिले.

शेवटी बटण निघालं. ते उघडलं तर आत लालभडक थर. कुंकू होतं. भिजून, वाळून, दगडासारखं घट्ट झालेलं. दसऱ्याला गाडीची पूजा दादाच करतात. चाकांना, बॉनेटला, स्टिअरिंगला बोट लावत लावत शेवटी या बटणाशी यायचे आणि मग फोडलेल्या नारळाचं पाणी सगळीकडे शिंपडायचे. असे चार दसरे त्या बटणात साचले होते.

मी तसाच घरात गेलो. दादा खाटेवर पडून होते. बटण त्यांच्यापुढे धरून म्हणालो, "बघा तुमची पूजा. तुमच्याच हातानं वाट लागली गाडीची."

त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"तेच गार ठेवतंय, म्हून त्याला जरा जास्तच लावत गेलो," ते म्हणाले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर निघून आलो.

भंगारातलं बटण बसवलं, बॅटरी जोडली, दाबलं. काहीच नाही. दहा वेळा दाबलं. मग काचा वर केल्या, घरात ऐकू जाऊ नये म्हणून, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. उद्या दादा त्या खाटेवरच पडून राहणार आणि मी बघत बसणार, एवढंच दिसत होतं.

रडून झाल्यावर सुचलं, की नारळाचं पाणी काही बटणापाशीच थांबलं नसेल. मागची वायर ओढून पाहिली. तिच्या तोंडाशी हिरवा गंज चढला होता. बायकोने दादांच्या औषधाच्या डब्यातून स्पिरिट आणि कापूस आणून दिला. अर्धा तास घासलं. पुन्हा जोडून दाबलं तेव्हा बटणावरचा बारीक दिवा लागला आणि तोंडावर गार वारा आला.

बायकोने आत जाऊन दादांना सांगितलं. ते भिंतीकडे कूस वळवून पडले. पण सोमवारी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून दारात उभे होते.

ते पुढे बसले. पट्टा लावला. मी गाडी सुरू केली आणि थांबलो. त्यांचे हात मांडीवरच होते.

"दादा, दाबा ना."

"तूच दाब," ते म्हणाले. "माझ्या हातानं परत बिघडंल."

मी म्हणालो, रागाच्या भरात बोललो, मनावर घेऊ नका. त्यांनी मान डोलावली. हात काही हलला नाही. शेवटी मीच बटण दाबलं.

आता ते सोमवारी येतात, गुरुवारी येतात. एकदाही चुकवलेलं नाही. गाडीत बसतात, पट्टा लावतात आणि मी बटण दाबेपर्यंत घामाघूम होऊन, हात मांडीवर ठेवून वाट बघत राहतात.