पिंट्याच्या औषधाचा निळा रंग

आमच्या नंदिनीच्या माशाला मी आठ दिवस दुप्पट औषध दिलं. प्रेमानं.

नंदिनी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा तिचा खाऱ्या पाण्याचा टँक आणि त्यातला पिंट्या आमच्याकडेच राहिला. पिंट्या म्हणजे बोटभर केशरी मासा, अंगावर पांढरे पट्टे. घर लागलं की दिवाळीत घेऊन जाईन, तोवर सांभाळा, एवढंच म्हणाली. मग टँककडे वळून बघत गाडीत बसली. (मी टँकची काच पुसायला लागलो.)

महिन्याभरात पिंट्याच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके आले. कतारगामच्या माशांच्या दुकानदारानं फोटो बघून सांगितलं की हे परजीवी आहेत. वेगळ्या टबात ठेवा, त्यात तांब्याचं औषध घाला आणि पाणी रोज तपासा. तपासायचं असं, की बाटलीत टबातलं पाणी घेऊन थेंब टाकायचे. पाणी निळं होतं. तो निळा औषधासोबतच्या कार्डावरच्या निळ्याशी जुळवायचा. फिका असेल तर औषध कमी, गडद असेल तर जास्त.

मला हसूच आलं. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये तीस वर्षं मी दुसरं केलंय काय? शेड जुळवण्यावरच तर पोट भरलं! बायको, सुमन, बघायला आली तर तिला म्हटलं, तू लांब राहा, हे डाइंग मास्तरचं काम आहे.

कार्ड मी उघडलंच नाही, नजर पुरे! रोज रंग फिका दिसायचा. रोज मी औषध वाढवायचो. ठिपके कमी झाले, पण पिंट्या खाईना. (म्हणून आणखी थोडं वाढवलं.) नवव्या दिवशी सकाळी तो टबाच्या तळाशी कुशीवर पडला होता, कल्ले भराभर हलत होते. नेमका तेव्हाच नंदिनीचा व्हिडिओ कॉल. मी पुरावा म्हणून बाटली फोनसमोर धरली. बघ, अजून फिकंच आहे.

सुमननं बाटली माझ्या हातातून घेतली आणि खिडकीशी नेली. रागावली की ती अहिराणीत बोलते.

"हाई फिकं शे? हाई त शाईसारखं निळं शे."

नंदिनी ओरडेल असं वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "पप्पा, आधी त्याला बिनऔषधाच्या खाऱ्या पाण्यात टाका. आणि उद्या डोळे दाखवून या."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

नंदिनी आता पिंट्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

पाणी बदललं. टबाशेजारी मी दुपारचं जेवणही विसरून बसलो, आणि सुमन मला तिथंच ताट देऊन गेली. संध्याकाळी पिंट्या सरळ झाला, त्यानं एक दाणा खाल्ला, असं सुमन म्हणाली. मी मात्र तो दाणा पडला कुठे, तेच शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी गुजराती डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, निळ्या रंगात आधी गफलत होते. मग हिंदीत विचारलं, हे तुमच्या लक्षात कधी आलं? मी घसा खाकरला. तीस वर्षांचं बारीक काम, शेडचे सूक्ष्म फरक, असं काहीतरी भारदस्त सांगायला तोंड उघडलं.

सुमन म्हणाली, "मछली आडी पड गई, तब."