सात जन्मांचं उद्यापन

आत्म्याला मरण नाही. देह पडतो, आत्मा पडत नाही. केल्या कर्मांचं गाठोडं घेऊन तो पुढच्या देहाच्या शोधात निघतो. आपल्या धर्माने माणसाला दिलेला हा सर्वांत मोठा दिलासा, असं म्हणतात. मयताच्या घरी तो हमखास देतात, आणि ऐकणाऱ्याला बरं वाटलं असेल असं धरून चहा पिऊन जातात.

ऐंशीच्या दशकात, घाटकोपरला डोंगराच्या अंगाच्या आमच्या चाळीत राहत असताना माझे वडील वारले, तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाने आम्हाला हा दिलासा दिला. आई खाली मान घालून ऐकायची. लोकांना वाटायचं, ती दुःखाने गप्प आहे. ती घाबरली होती.

वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपात गिरणी बंद पडली आणि ते प्यायला लागले, असं सांगायची तेव्हा पद्धत होती आणि ऐकायलाही ते बरं वाटायचं. खरी गोष्ट अशी की ते संपाआधीही प्यायचे आणि आईला मारायचे. संपानंतर दिवसाही मारू लागले, एवढाच फरक. आईच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. भाकरी थापताना ती दोन बोटं मानकऱ्यासारखी ताठ उभी असायची. शेवटी वडिलांचं यकृत गेलं आणि म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडला.

कोकणातल्या गावाहून वडिलांचे थोरले भाऊ आले आणि त्यांनी क्रियाकर्माचा ताबा घेतला. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. त्यामुळे एका खोलीत चार हातांवर बसलेल्या दोन माणसांचं बोलणं तेरा दिवस माझ्यामार्फत चाललं.

दहाव्या दिवशी काका म्हणाले, "आवशीक सांग, आज रातीक पीठ पसरूचा हा."

ही रीत अशी. माणूस गेला त्या जागी तांदळाचं पीठ ताटात सारखं करून ठेवतात, शेजारी दिवा लावतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात जे पाऊल उमटलेलं दिसेल, तो गेलेल्याचा पुढचा जन्म. पक्षी, जनावर, सरपटणारं, माणूस, ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे. वडील इस्पितळात गेले होते, घरात नाही, हे मी काकांच्या लक्षात आणून दिलं.

"मगे काय करूया? हास्पिटलात पीठ पसरून येव?" काका म्हणाले. "जीव खंयही सुटो, वाट घराकच येता."

दुपारी पीठ चाळता चाळता आईने मला विचारलं, "माणसाचं पाऊल उमटलं, तर ते परत माणूसच ना रे?"

"असं म्हणतात."

"आणि मी जाईन तेव्हा मीसुद्धा?"

"तू कुठे कुणाचं वाईट केलंयस?"

"तेच तर," आई म्हणाली. चाळण थांबली. "वड पुजलाय मी. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवलं नाही. सासूबाई समोर उभं राहून बोलून घ्यायच्या, सात जन्म हाच पती मिळो म्हणून. पुढं त्या गेल्या, पण सवय राहिली."

मी तेव्हा पुष्कळ वाचलेलं होतं. हे सगळं थोतांड आहे, पुढचा जन्मबिन्म काही नसतो, असं तिला समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नसला तर देव पावला," ती म्हणाली. "पण असला तर?"



सकाळी काकांनी टोपली उचलली. पाहायला शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांच्यामागे दारात निम्मी चाळ होती. पिठात मधोमध एक लांबट खळगा पडला होता आणि त्याच्या वर टिंबं होती. टिंबं तीन होती. काकांनी ती पाच मोजली.

"माणसाचा पावल!" काका म्हणाले. "आवशीक सांग. माणसाचो जल्म गावलो माझ्या भावाक!"

आई वाकून ताटाकडे बघत होती. "नीट बघायला सांग रे. कुत्र्याचं नाही ना?"

"भलतंच काय गं वहिनी!" काकू म्हणाल्या. "माणसाचंच आहे. टाच बघ ना केवढी!"

"शेपटी घासल्यासारखं नाही दिसत, इकडे बाजूला?"

काकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. "तिका सांग, माझो भाव कुत्रो नाय होतलो."

आई रडायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं आणि दारात उभ्या असलेल्यांना सांगितलं, "आनंदाने रडतेय हो. समाधान झालं बाईचं."

तेराव्याला जेवणं उरकली. भटजी सुपारी कातरत बसले होते. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून आईने त्यांना विचारलं, "भटजी, व्रताचं फळ कधी मिळतं?"

"उद्यापन झालं की," भटजी म्हणाले. "व्रत कितीही वर्षं करा, सांगता केली नाही तर ते अपुरं. अपुऱ्या व्रताला फळ नाही."

"वटसावित्रीचंसुद्धा?"

"सगळ्याच व्रतांचं तसं."

"माझं उद्यापन राहिलंय," आई म्हणाली.

ते ती ज्या आवाजात म्हणाली, तो मी घरात पूर्वी ऐकला नव्हता. मग तिने स्वतःचं पान वाढून घेतलं आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

पण काकांनी ऐकलं होतं. एवढ्या वर्षांचं पुण्य नुसतं सांगता नाही म्हणून वाया जाणार, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. "आवशीक सांग, काळजी करू नको. ह्या अर्धवट ऱ्हवाचा नाय."

भटजी म्हणाले, त्यात अडचण काही नाही. शास्त्रात हे व्रत विधवेलाही सांगितलेलं आहे. लोकांना बरं दिसत नसेल तर दुसऱ्या सवाष्णीच्या हातून, हिच्या नावाने करून घ्यावं.

"मी बसते की!" काकू म्हणाल्या. "एवढंही नाही करणार मी वहिनींसाठी?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. नको म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं. कारण त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. काकूंच्या आणि आमच्या खोलीमध्ये फळ्यांची भिंत होती. त्या भिंतीतून एवढ्या वर्षांत कधी कुणी काही विचारलं नव्हतं. आता आईने ते सांगितलं असतं, तर सगळ्यांना पहिल्यांदाच ऐकल्याचा चेहरा करावा लागला असता.

"बरं," आई म्हणाली.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. काका पेरणीत अडकले होते; पूजा व्यवस्थित होऊ दे, असं त्यांनी एका येणाऱ्याबरोबर कळवलं. आमच्या बाजूला वडाचं झाड नव्हतं. चाळीतल्या बायका स्टेशनबाहेरून फांदी विकत आणून घरातच पुजायच्या. फांदी कोण आणणार, असं काकूंनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्याला नाही कळायचा वड," आई म्हणाली. "मी आणते."

ती सकाळीच गेली आणि बऱ्याच वेळाने परतली. काकू नवी साडी नेसून बसल्या होत्या. त्यांचा जन्म घाटकोपरचाच; आणून देतील तो त्यांचा वड. भटजींना त्या दिवशी बरीच घरं घ्यायची होती, ते चपला काढता काढताच मंत्र म्हणू लागले. फांदीला सूत गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं, आईच्या नावाने संकल्प सोडला, सात जन्मांचं फळ पदरात घातलं. आई भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन पाहत होती. तिने हातही जोडले.

संध्याकाळी फांदी टाकून यायचं काम माझ्याकडे आलं. वडाचं पान तळहाताएवढं असतं, हे मलासुद्धा माहीत होतं. या फांदीची पानं अंगठ्यापेक्षा थोडी मोठी होती. तसली झाडं हायवेच्या कडेला रांगेने लावलेली आहेत. त्यांना नांदरुक म्हणतात. नांदरुकाचं कुठलंही व्रत नाही.